कोपराच्या दुखण्यावर पीआरपी इंजेक्शन घ्यावे का?

प्रश्न : माझे वय ४३ असून मी रोज सकाळी बॅडमिंटन खेळतो. पाच महिन्यांपासून उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते. बॅकहँड मारताना, दुधाचे पातेले उचलताना, कपडे पिळताना कळ येते. ‘टेनिस एल्बो’ असे निदान झाले आहे. स्टेरॉइडच्या एका इंजेक्शनाने महिनाभर आराम पडला, पण नंतर दुखणे आधीपेक्षा वाढले. आता एका दवाखान्यात पीआरपीची (स्वतःच्याच रक्तापासून बनवलेल्या ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’ची) तीन इंजेक्शने एकत्रित दरात घ्या, गुण न आल्यास ‘स्टेम सेल’चा (मूळपेशींचा) उपचार करू, असे सांगितले आहे. शस्त्रक्रिया मला नको आहे. काय करावे आणि तोवर खेळ बंद ठेवावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मनगट वर उचलणारे स्नायू ज्या टेंडनने कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात, ते टेंडन वारंवार पडणाऱ्या ताणाने झिजते आणि त्यातील तंतूंची मूळची समांतर रचना विस्कटते. जुनाट दुखण्यात सूज हा मुख्य दोष राहिलेला नसतो. म्हणून सूज दाबणारे स्टेरॉइड काही आठवडे वेदना थांबवते, टेंडन मात्र तसेच राहते. तुमचा अनुभव अपवादात्मक नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील १६५ रुग्णांच्या चाचणीत, वर्षभरात दुखणे उलटण्याचे प्रमाण स्टेरॉइड घेतलेल्यांत ५४ टक्के, तर औषधाविना नुसते इंजेक्शन घेतलेल्यांत १२ टक्के होते. तेव्हा दुसरे स्टेरॉइड घेऊ नये.

पीआरपीमध्ये तुमचेच रक्त काढून ते यंत्रात वेगाने फिरवतात आणि प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणारे सूक्ष्म कण) दाट झालेला भाग दुखऱ्या टेंडनमध्ये टोचतात. प्लेटलेटमधून स्रवणारे वाढीचे घटक टेंडनच्या दुरुस्तीला चालना देतील, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना तर्कशुद्ध आहे, पुरावा मात्र तितका भक्कम नाही. नेदरलँड्समध्ये २०१० साली १०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वर्षअखेर पीआरपी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरले, आणि दवाखान्यांच्या माहितीपत्रकांत अशाच तुलना पुढे केल्या जातात. परंतु जे स्टेरॉइड पुढे जाऊन स्वतःच अपाय करते, त्याच्याहून सरस ठरणे ही फार मोठी कसोटी नव्हे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२१ मध्ये ३२ अभ्यास आणि २,३०० हून अधिक रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा खोट्या इंजेक्शनाच्या तुलनेत वेदना किंवा हाताचे काम यांत लक्षणीय फरक पडत नसावा, असाच निष्कर्ष निघाला.

म्हणून तीन इंजेक्शनांचे पैसे आगाऊ भरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी किमान तीन महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करावा, कारण टेंडनला बळकटी येते ती हळूहळू वाढवलेल्या भारामुळे. दुखऱ्या हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवून पंजा कडेबाहेर, तळवा खाली येईल असा ठेवा. मुठीत अर्धा किलोचे डंबेल धरा, दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्या आणि मग आधार काढून चार आकडे मोजत सावकाश खाली आणा. असे प्रत्येक फेरीत पंधरा वेळा, अशा तीन फेऱ्या कराव्यात. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले आढळल्यास वजन कमी करावे. इंजेक्शन घेतले तरीही हा व्यायाम चुकत नाही, ही गोष्ट रुग्णांना पुरेशी सांगितली जात नाही याची मला खंत वाटते.

इतके करूनही फरक पडला नाही, तर पुराव्याची ही मर्यादा जाणून सोनोग्राफीच्या साहाय्याने एक पीआरपी इंजेक्शन घेण्यास हरकत नाही. रक्त तुमचेच असल्याने ॲलर्जीचा धोका अत्यल्प असतो. पहिले काही दिवस वेदना वाढते. रक्त पातळ करणाऱ्या किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे, स्वतःहून बंद करू नयेत.

स्टेम सेलला मात्र सरळ नकार द्यावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांसारखे मोजके मान्य उपचार वगळता स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर संशोधन चाचणीतच करता येतो, आणि तिथे रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

शस्त्रक्रियेची धास्ती घेऊ नका. २००५ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाल्यापासून या दुखण्याचा शेवट तसाच होतो असा अनेकांचा समज आहे, परंतु बहुतेकांना सुमारे वर्षभरात तिच्याविना आराम पडतो.

खेळ पूर्ण बंद करण्याची गरज नाही. सहा आठवडे स्मॅश आणि जोरकस बॅकहँड टाळून, एक दिवसाआड अर्धा तास खेळावे. रॅकेटच्या तारांचा ताण दोन-तीन पौंडांनी उतरवून घ्यावा, मूठ सैल ठेवून फक्त फटक्याच्या क्षणी आवळावी आणि बॅकहँडला शटलपर्यंत पायांनी वेळेवर पोहोचावे, कारण उशिरा पोहोचलेला खेळाडू सगळा जोर मनगटातून काढतो. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मानेपासून कळ उतरत असेल, तर मात्र खेळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडून मानेची तपासणी आधी करून घ्यावी.