दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया

प्रश्न : आईच्या पित्ताशयात खडे असून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायचे ठरले आहे. मात्र ‘गरज पडल्यास पोट उघडावे लागेल’ हे संमतीपत्रातील वाक्य वाचून आम्ही धास्तावलो आहोत. ही शस्त्रक्रिया नेमकी कशी करतात?

उत्तर : पूर्ण भूल दिल्यानंतर बेंबीजवळ छोटा छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे पोटाची भिंत वर उचलली जाऊन आत काम करायला जागा मिळते. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. त्यानंतर कॅमेरा जोडलेली दुर्बीण आणि साधारण ५ ते १० मिलिमीटरच्या आणखी दोन-तीन छेदांतून लांब दांड्याची अवजारे आत घालतात. सर्जन पडद्यावर पाहत पित्ताशयाची नळी व रक्तवाहिनी निःसंशय ओळखतात (सर्वांत जोखमीचे काम हेच), क्लिपा लावून त्या कापतात आणि यकृतापासून सोडवलेले पित्ताशय छोट्या पिशवीत घालून बाहेर काढतात. नंतर एक-दोन दिवस खांदा दुखला तर घाबरू नका. वायूमुळे श्वासपटलाला (छाती व पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला) झालेला त्रास खांद्यात जाणवतो.

अपेंडिक्स, हर्निया, गर्भाशय यांच्याही शस्त्रक्रिया अशा होतात. मात्र तीव्र सूज, जुन्या शस्त्रक्रियेमुळे चिकटलेली आतडी किंवा न थांबणारा रक्तस्राव यांमुळे आतले स्पष्ट दिसेनासे झाले, तर पोट उघडणे हाच सुरक्षित निर्णय असतो. त्याला मी अपयश मानत नाही. आईला हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण वायूच्या दाबाचा ताण या दोन्ही अवयवांवर पडतो.