एसजीपीटी मर्यादेत असताना यकृताची काळजी कशासाठी?

वडिलांचे एसजीपीटी (यकृतपेशींतील एक विकर, म्हणजे एन्झाइम) मर्यादेत असूनही, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) कमी आणि पायांवर सूज आहे एवढ्यावरून डॉक्टर यकृताच्या पुढील तपासण्या का सांगत आहेत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते डॉक्टरांचा रोख योग्य आहे. अहवालावर ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ असे छापलेले असले, तरी एसजीपीटीवरून यकृत किती काम करते हे कळत नाही. हे विकर यकृतपेशींच्या आत असते आणि पेशींना इजा झाली की रक्तात उतरते. म्हणजे त्यावरून फार तर नुकसान चालू आहे का, एवढेच समजते. जुनाट सिऱ्होसिसमध्ये बऱ्याच पेशी आधीच नष्ट होऊन त्यांच्या जागी व्रणतंतू आलेले असतात, त्यामुळे हा आकडा अगदी नॉर्मल येऊ शकतो.

काम जोखायचे, तर यकृत जे तयार करते ते मोजावे लागते. अल्ब्युमिन फक्त यकृतातच बनते आणि रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो; ते घटले की पाणी बाहेर झिरपून पायांवर सूज येते. मात्र त्याचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे असल्यामुळे आज दिसणारी घट ही बहुधा काही आठवड्यांपूर्वीपासूनची असते. याउलट, रक्त गोठवणारे बहुतेक घटकही यकृतच बनवते आणि त्यांपैकी सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो. म्हणून यकृताची ताजी अवस्था प्रोथ्रॉम्बिन टाइमवरून (पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी तपासणी) अधिक लवकर कळते. अर्थात मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात असतील किंवा आहारच तुटपुंजा असेल, तरीही अल्ब्युमिन कमी होते. तेव्हा लघवीची तपासणीही करून घ्यावी, केवळ यकृताला दोष देऊ नये.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येते, त्यामुळे पचलेले अन्न आणि औषधे शरीरभर पसरण्याआधी येथे थांबतात. जेवणानंतरची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून रात्रीच्या उपाशी तासांत ती परत सोडण्याचे काम येथेच होते. तांबड्या पेशींच्या मोडतोडीतून आलेले बिलिरुबिन पित्तावाटे बाहेर टाकणे हेही यकृताचेच काम. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे यकृत युरियात रूपांतर करते, जो पुढे लघवीवाटे जातो. हे रूपांतर अडले की परिणाम मेंदूवर होतो: रुग्ण दिवसा पेंगतो, रात्री जागा राहतो, बोलणे असंबद्ध होते आणि हात पुढे धरले असता पंजे फडफडतात. असे काही दिसले, किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, रक्ताची उलटी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

‘लिव्हर साफ करणारे’ काढे आणि कावीळीची गावठी औषधे सुचवणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते आणि श्रेय काढ्याला मिळते, एवढेच त्यामागचे रहस्य. वडिलांच्या बाबतीत हा प्रयोग करू नये, कारण अज्ञात वनस्पती मोडून निचरा करण्याचे ओझेही त्याच यकृतावर पडते. वेदनाशामक गोळ्यादेखील डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

सध्या सोनोग्राफी, पीटी-आयएनआर, प्लेटलेट्सची संख्या आणि लघवीतील प्रथिने एवढे अहवाल मिळवावेत व मागील दोन-तीन वर्षांचे जुने कागद सोबत घेऊन यकृततज्ज्ञांना भेटावे.