बोडीतल्या रोहूवर लाल चट्टे: आधी जिवंत नमुना, मग औषध

भाऊ, रोहूच्या अंगावर लाल चट्टे, पोट फुगलेलं, खवले उभे राहिलेले, आणि दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पावडर बोडीत (म्हणजे लहान तळ्यात) टाकू का, असं तुम्ही विचारलंय. टाकू नका. एकदा औषध पडलं की माशातून जंतू वाढवणं कठीण जातं आणि कोणतं औषध चालेल ते सांगणाऱ्या लॅबच्या टेस्टचा भरवसा राहत नाही.

लक्षणं एरोमोनास नावाच्या जंतूची वाटतात. हा जंतू गोड्या पाण्यात असतोच. बोडी आटली, मासे दाटले, ऑक्सिजन कमी झाला की तो उठतो. पण माशांची ऊ (अंगाला चिकटणारा परजीवी) लागली तरी लाल ठिपके येतात आणि हिवाळ्यातल्या खोल जखमांचं मूळ बऱ्याचदा बुरशीत असतं. तिथे अँटिबायोटिक काहीच करत नाही. म्हणून आधी मासा हातात घेऊन नीट पाहा.

नमुन्याला तरंगणारा मेलेला मासा नेऊ नका, त्यात पाण्यातले भलतेच जंतू शिरलेले असतात. मरायला टेकलेला पण जिवंत मासा हवा. मत्स्यबीज आणतो तशा ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत न्या. नागपूरला तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात फोन करून विचारा, मगच निघा.

लॅबमध्ये सहसा माशाच्या मूत्रपिंडातून जंतू काढतात, शुद्ध वाढवतात, म्युलर-हिंटन अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर पसरतात आणि वर औषधाच्या चकत्या ठेवतात. प्लेट २८ अंशांच्या आसपास साधारण दिवसभर ठेवली की चालणाऱ्या औषधाभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसतं. इथेच बरेच जण फसतात: ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध भारी, असं नसतं. प्रत्येक औषध अगारमध्ये वेगवेगळं पसरतं, त्यामुळे प्रत्येकाचं मिलिमीटरचं माप वेगळं ठरलेलं असतं. रिपोर्टवर ‘संवेदनशील’ (औषध चालतं) की ‘प्रतिरोधक’ (चालत नाही) ते वाचा. अँपिसिलिनला एरोमोनास मुळातच दाद देत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

आणि प्लेटवर चाललेलं औषध बोडीत चालेलच असं नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक कठीण पाण्यातल्या कॅल्शियमला बांधलं जातं, म्हणून ते खाद्यातून द्यावं लागतं. खाणंच सोडलेल्या माशाच्या पोटात ते जाणार नाही. जे अजून खातायत तेच वाचतील, त्यामुळे उशीर नको. मात्रा माशांच्या एकूण वजनावर तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्या. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधं कोणी कितीही सांगितलं तरी नाही, खायच्या माशांत त्यांना बंदी आहे.

रिपोर्ट येईपर्यंत खाद्य कमी करा, ताजं पाणी सोडा, मेलेले मासे रोज काढून चुना घालून पुरा. आणि या बोडीत वापरलेलं जाळं शेजारच्या बोडीत टाकू नका.