चंद्राच्या छायाचित्रात डाग का दिसत नाहीत?

प्रश्न : घराच्या गच्चीवरून ३०० मिमी लेन्सने मी पौर्णिमेच्या चंद्राची छायाचित्रे काढतो. कॅमेरा ऑटोवर असतो, पण चंद्राची नुसती पांढरी चकती उमटते. रात्र असल्याने आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा, असे एका मित्राने सुचवले. ते योग्य आहे का? सिद्धेश्वर मंदिर आणि चंद्र एकाच चौकटीत कसे घ्यावेत? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आयएसओ वाढवल्यास चकती अधिकच पांढरी होईल. रात्र आपल्याकडे असते, चंद्रावर नव्हे. त्याच्या दिसणाऱ्या भागावर पृथ्वीइतकेच प्रखर ऊन पडलेले असते आणि आपण त्या उन्हातल्या खडकाळ जमिनीचे छायाचित्र घेत असतो. ही जमीन जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे, कारण तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १२ टक्केच परावर्तित होतो. ऑटोवरील कॅमेरा मात्र चौकटीतील काळ्या आकाशाचीही सरासरी धरतो आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राला मिळणारा प्रकाश, नको तितके वाढवतो.

म्हणून मॅन्युअल मोड निवडून आयएसओ १००, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/११ आणि शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) १/१२५ सेकंद येथून सुरुवात करावी. एफ/८ आणि १/२५० सेकंद ठेवल्यासही एक्स्पोजर तेवढेच राहते, आणि लांब लेन्सला वेगवान शटर मानवते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरील चित्रापेक्षा हिस्टोग्रामवर (चित्रातील उजेड-अंधाराच्या आलेखावर) विश्वास ठेवावा, कारण अंधारात पडदा फसवा उजळ भासतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावावा. ३०० मिमी लेन्समधून सेन्सरवर चंद्राची प्रतिमा जेमतेम पावणेतीन मिलिमीटरची उमटते, तेव्हा नंतर कातरणे अटळ आहे.

हे आकडे उंचावरील पूर्ण चंद्रासाठी आहेत. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून तो निम्माच तेजस्वी असेल, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्याचा एकूण प्रकाश पौर्णिमेच्या सुमारे एक दशांशच असतो, कारण तिरप्या उन्हात खाचखळग्यांच्या सावल्या पसरतात आणि पृष्ठभागच मंद होतो. त्या रात्री एक्स्पोजर दोन ते अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे लागते. माझ्या मते विवरांसाठी अष्टमीच उत्तम, कारण पौर्णिमेला सावल्या नसल्याने चंद्र सपाट दिसतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवरची हवा रात्री उशिरापर्यंत थरथरते, आणि तो अस्पष्टपणा कोणत्याही सेटिंगने जात नाही. मार्गशीर्ष-पौषातील पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे ते महिने निवडावेत.

मंदिरासह चंद्र हवा असेल तर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मंदिराभोवतीच्या तलावाच्या अशा काठावर उभे राहावे, जिथून मंदिर पूर्वेकडे दिसेल. त्या दिवशी चंद्र साधारणपणे सूर्यास्तापूर्वीच उगवतो आणि मंदिरावर अजून संधिप्रकाश असल्याने दोन्हींच्या उजेडातील तफावत एका चौकटीत मावते. क्षितिजाजवळचा चंद्र धुळीमुळे बराच मंद असतो, म्हणून वरील आकडे तेथे लागू पडत नाहीत; चंद्रावर स्पॉट मीटरिंग करून (फक्त त्याचाच उजेड मोजून), तो पांढरा पडू न देता, रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात छायाचित्र घ्यावे. पूर्ण अंधार पडल्यानंतर दोन वेगळी छायाचित्रे घेऊन ती जोडावी लागतात. तसे केल्यास छायाचित्राखाली त्याचा उल्लेख अवश्य करावा.