एकच मसुदा, पण शेवटपर्यंत

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घरात क्रियोल, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी, आणि मला मात्र सहा पानं मराठीत लिहिलीस, म्हणून मीही हात आखडता घेत नाही. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांतल्या मॉरिशसच्या मिशनमध्ये वर्ष झालं, आमसभेच्या तीन समित्या गळ्यात पडल्या, सकाळी एक खोली, दुपारी दुसरी, संध्याकाळी अर्ध्या रिकाम्या सभागृहात तीन मिनिटांचं भाषण वाचायचं. आणि आता पॅरिसच्या दूतावासातली जागा समोर आली आहे. "मावशी, पॅरिस घेऊ की इथेच राहू?" असं विचारतेस. हा प्रश्न दुय्यम आहे. शहर कुठलंही घे, पण ठरावाचा एक मसुदा निवड आणि तो संमत होईपर्यंत सोडू नकोस. बाकीचं पत्र याच एका वाक्याचा विस्तार आहे, त्यामुळे कंटाळा आला तरी वाच.

छोट्या देशाला आवाज हवा वगैरे तुला सांगत बसत नाही. ते ठाऊक होतं म्हणूनच तू या नोकरीत आलीस. तुझी अडचण हिशेबाची आहे. सदस्य देश १९३, मुख्य समित्या सहा, ऑक्टोबर ते डिसेंबर सगळ्यांच्या बैठका एकाच वेळी, आणि तुमच्या मिशनमध्ये राजदूत धरून मोजकी माणसं. मोठ्या देशाचा एकेक माणूस एकेका ठरावावर बसतो. तू त्याच्यासारखी सगळीकडे दिसायचा प्रयत्न करतेस आणि कुठेच उरत नाहीस. हजेरीला काम समजण्यात कितीतरी वर्षं जातात. माझी गेली, आणि त्याची खंत आहे. तुझी जाऊ नयेत.

तर पद्धत सांगते. हंगाम सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमध्येच, गेल्या वर्षीचे ठराव काढ. तुझ्या समित्यांतले तीन ठराव असे शोध, ज्यांत एक परिच्छेद बदलला तर मॉरिशसला खरोखर फरक पडेल. तिन्हींतला एक घे. बाकीच्या दोन्हींवर आफ्रिकी गट किंवा जी-७७ हा विकसनशील देशांचा गट जे म्हणेल त्याच्या मागे उभी राहा आणि तसं राजदूतांना आधीच लेखी कळव, म्हणजे नंतर "तू तिथे का नव्हतीस" हा वाद उरत नाही. हा सोडून देण्याचा निर्णय सगळ्यांत अवघड असतो. तो न घेता कष्ट करणाऱ्यांची मला चीड येते, कारण ते मनापासून राबतात आणि हाती काही लागत नाही.

मग एक वही कर. चार रकाने पुरेत: ठरावाचा क्रमांक, परिच्छेद, नेमके शब्द, आणि मतदान झालं की एकमत. आधी संमत झालेली भाषा तोडायला समोरच्याला कारण द्यावं लागतं, नव्या भाषेसाठी कारण तुला द्यावं लागतं, एवढ्यासाठी ही वही. बेटांच्या बाबतीत सुरुवात छोट्या बेटांच्या विकासावरच्या चार दस्तऐवजांपासून कर: बार्बाडोस १९९४, तुमच्याच पोर्ट लुईत जानेवारी २००५ मध्ये ठरलेली मॉरिशस स्ट्रॅटेजी, सामोआ २०१४, अँटिग्वा २०२४. तुझ्या पत्रात यांतल्या एकाचाही परिच्छेद क्रमांक नाही. हे बरं नव्हे.

क्रियापदांची उतरंड पाठ कर. 'नोट्स' आणि 'टेक्स नोट' हे तटस्थ शब्द आहेत, ना मान्यता ना नापसंती. आमसभेने २००१ मध्ये ५५/४८८ या निर्णयात तसं स्पष्ट करून ठेवलं आहे, तेव्हा कुणी 'टेक्स नोट' देऊन तुला समजूत घातल्याचा आव आणला तर हा क्रमांक पुढे कर. 'वेलकम्स' म्हणजे पसंती. 'डिसाइड्स' म्हणजे सभा स्वतः काही करते. 'रिक्वेस्ट्स' लिहून महासचिवांकडे अहवाल किंवा बैठक मागितलीस की खर्च आला. आणि नियम १५३ प्रमाणे खर्चाचा अंदाज आल्याशिवाय तो ठराव मतदानाला जात नाही, पुढे पाचव्या, म्हणजे अंदाजपत्रकाच्या समितीतून जावं लागतं. म्हणून असा परिच्छेद घालायचा असेल तर समितीच्या सचिवांना पहिल्याच आठवड्यात सांग. शेवटच्या दिवशी आकडा आला की तुझे मित्रही मागे सरतात.

खोलीत काय करायचं? पहिल्या वाचनात सगळे बोलतात, त्यावर वेळ घालवू नकोस. तुझं वाक्य पहिल्या मसुद्यात असायला हवं, त्यासाठी मसुदा चालवणाऱ्या देशाच्या माणसाला तो फिरवायच्या आधी मुख्यालयातल्या व्हिएन्ना कॅफेत गाठ आणि छापलेलं वाक्य हातात दे. तोंडी सांगितलेलं वाक्य त्याच्या वहीत दुसऱ्याच शब्दांत उतरतं. जी-७७च्या वतीने बोलणं होणार असेल तर गटाच्या आतल्या बैठकीतच ते वाक्य घुसव. गट एकदा खोलीत गेला की आतून दुरुस्ती मागणारा देश सगळ्यांना नकोसा होतो. तुमच्याकडे एक जमेची बाजू आहे, जी फार थोड्या बेटांकडे आहे: आफ्रिकी संघ, फ्रेंचभाषक देशांची फ्रँकोफोनी, कॉमनवेल्थ आणि बेटांचा गट, या चारही दारांतून तुम्हाला आत जाता येतं. अनौपचारिक बैठकींना दुभाषे नसतात, सगळं इंग्रजीत चालतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सहकाऱ्याला बाजूला घेऊन कंसातलं, म्हणजे अजून न ठरलेल्या शब्दांचं भांडण फ्रेंचमध्ये समजावून सांग. दहा भाषणांत होत नाही ते तिथे होतं.

शेवटी शेवटी मसुदा मौन प्रक्रियेत जातो. अमुक तारखेच्या दुपारी तीनपर्यंत कुणी लेखी हरकत घेतली नाही तर मान्य, अशी ई-मेल येते. इथे नवी माणसं दोन चुका करतात. एक तर राजधानीच्या उत्तराची वाट पाहत वेळ उलटू देतात. नाहीतर नुसतं "आम्हाला मान्य नाही" लिहून मौन मोडतात. हरकतीबरोबर परिच्छेद क्रमांक, एका ओळीत कारण आणि पर्यायी शब्द दे. पर्याय न देणाऱ्याला दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

राजधानीचं म्हणशील तर घड्याळ बघ. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सहा वाजता पोर्ट लुईत रात्रीचे दोन वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ मागे करते आणि आठ तासांचं अंतर नऊ होतं, तेही ऐन समित्यांच्या धांदलीत. म्हणून राजधानीकडून सूचना मागताना मजकूर पाच ओळींतच संपव: परिच्छेद काय म्हणतो, कुणाला काय हवं, आपलं हित काय, माझी शिफारस काय, उत्तर कधीपर्यंत हवं. आणि सहावी ओळ नेहमी हीच: "तोपर्यंत उत्तर न आल्यास शिफारशीप्रमाणे भूमिका घेते." वरिष्ठांना ही ओळ पहिल्यांदा खटकते. तरी लिही. ती नसेल तर निर्णयाच्या क्षणी तू खोलीत असूनही मुकी असतेस.

आता शेवटपर्यंत म्हणजे काय, ते उदाहरणांनी सांगते. १९९१ मध्ये हवामान कराराच्या वाटाघाटींत बेटांच्या गटाच्या वतीने वानुआतूने प्रस्ताव ठेवला, की समुद्र चढल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी विमा-निधी हवा. निधी मिळाला नाही. १९९२ च्या करारात, कलम ४ च्या आठव्या उपकलमात, 'इन्शुरन्स' एवढा एक शब्द उरला. त्या शब्दावर बेटं बसून राहिली. मग हवामान परिषदांमागून परिषदा: २००७ मध्ये बाली, २०१३ मध्ये वॉर्सा, २०१५ मध्ये पॅरिस कराराचं कलम ८; तेही मिळालं तेव्हा करारासोबतच्या निर्णयाच्या ५१व्या परिच्छेदात भरपाईची वाट बंद करून घेतली गेली. निधी स्थापायचा निर्णय झाला २०२२ मध्ये, शर्म अल-शेखला. एकतीस वर्षं! एका माणसाची पूर्ण नोकरी यात संपते. पण पुढच्या माणसाच्या हाती परिच्छेद क्रमांक होता, म्हणून धागा तुटला नाही.

आणि धागा सुटतो कसा, तेही बघ. डिसेंबर २०२३, दुबईची हवामान परिषद. बेटांच्या गटाच्या मुख्य वाटाघाटीकार होत्या सामोआच्या अ‍ॅन रासमुसेन. ३९ बेटांची एक भूमिका ठरवण्यात गट गुंतला होता आणि इकडे मुख्य सभागृहात अध्यक्षांनी हातोडा मारून मसुदा संमत केला. आम्ही खोलीत नव्हतो, हे त्यांनी नंतर तिथेच शांतपणे सांगितलं आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. पुष्कळजण याला विजय म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे, त्यांचं म्हणणं नोंदीवर आलं हेही मोलाचं, पण मसुद्यातला एकही शब्द त्यानंतर हलला नाही. हवामान परिषदेत मतदान होत नाही, एकमत गृहीत धरून हातोडा पडतो. हरकत त्याच्या आधी घ्यावी लागते, नंतर जे होतं ते निवेदन. म्हणून गटाची बैठक कितीही महत्त्वाची असो, एक माणूस देशाच्या फलकामागे बसलाच पाहिजे. फलक उभा करून मुद्दा उपस्थित करायचा अधिकार त्याला लेखी दिलेला असला पाहिजे आणि तुमच्यात फोन चालू असला पाहिजे. पॅरिसला २०१५ मध्ये कलम ४ च्या चौथ्या उपकलमातलं 'शॅल' (केलंच पाहिजे) अगदी अखेरच्या बैठकीत, तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचून दाखवत 'शुड' (करावं) झालं. तेवढ्या एका शब्दाने श्रीमंत देशांचं बंधन सैल पडलं. दमून हॉटेलवर गेलेल्यांना ते दुसऱ्या दिवशी समजलं असेल.

तुमच्याच देशाचं चागोस आठव, ब्रिटनने मॉरिशसपासून तोडलेला तो द्वीपसमूह. सार्वभौमत्वाचा वाद दोन देशांतला आहे, असं ब्रिटनचं म्हणणं होतं, आणि तसा प्रश्न विचारला असता तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अंग काढून घ्यायला जागा होती. मॉरिशसने प्रश्न रचला तो निर्वसाहतीकरणाचा: १९६५ मध्ये चागोस तोडल्यावर १९६८ मध्ये मिळालेलं स्वातंत्र्य कायदेशीरपणे पूर्ण झालं का? हा आमसभेच्या अखत्यारीतला विषय. न्यायालयाचं मत मागण्याच्या ठरावावर २२ जून २०१७ ला ९४ विरुद्ध १५ मतं पडली, ६५ तटस्थ. २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालयाने मत दिलं, की ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर संपवावा. "शक्य तितक्या लवकर" या शब्दांत माणूस शंभर वर्षं काढू शकतो. म्हणून २२ मे २०१९ च्या ठरावात 'सहा महिन्यांत' असे शब्द घातले गेले आणि त्या ठरावाला ११६ मतं मिळाली, विरोधात सहा, तटस्थ ५६. विरोध १५ वरून सहावर आला. ब्रिटनने मुदत पाळली नाही, पण प्रत्येक चर्चेत ती तारीख टेबलावर राहिली. सार्वभौमत्वाच्या करारावर सही झाली ती २२ मे २०२५ ला. ही फाईल मिशनच्या कपाटात आहे. वाचलीस का? आधी ती वाच, मग पॅरिसबद्दल बोलू.

मी शब्दांत अडकते, मोठं चित्र बघत नाही, असं माझ्याबद्दल म्हटलं जातं. तुझ्याही कानावर आलं असेल. मोठं चित्र बघायला मोठ्या देशांकडे विमानवाहू नौका आहेत, बँका आहेत. बेटाकडे मत एक आणि शब्द. मी हे मत बदललेलं नाही आणि बदलणार नाही.

बाई म्हणून जे लिहिलंस ते थोडक्यात. आमसभेच्या ऐंशी अधिवेशनांत अध्यक्षपदी पाच स्त्रिया बसल्या, तेव्हा तुला स्वागत समारंभाची यादी देतात याचं मला नवल नाही. ती यादी परत दे, एकदाच, लेखी. इतिवृत्त लिहायला सांगितलं तर मात्र घे, कुणी कमी समजलं तरी घे. कोण काय म्हणालं याची नोंद जिच्याकडे, तिच्याकडे मसुदा वळतो. जमैकाच्या पॅट्रिशिया डुरंट सुरक्षा परिषदेत बसल्या आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या लोकपाल झाल्या, टोंगाच्या फेकिता उतोइकामानू उपमहासचिव झाल्या, ग्रेनाडाच्या डेसिमा विल्यम्स यांनी बेटांच्या गटाचं नेतृत्व केलं. चढायचा रस्ता आहे. नवऱ्याच्या नोकरीचा प्रश्न भावनेचा करू नकोस: न्यूयॉर्कमध्ये जोडीदाराच्या कामाच्या परवानगीसाठी आय-५६६ हा फॉर्म मिशनमार्फत जातो, त्याला महिने लागतात, आजच भर.

पॅरिसला गेलीस तरी हेच करायचं आहे. तिथे युनेस्को आहे. तुमच्याकडची दोन ठिकाणं, आप्रवासी घाट २००६ मध्ये आणि ल मॉर्न २००८ मध्ये, जागतिक वारसा यादीत गेली, तेही कुणीतरी कागद शेवटच्या बैठकीपर्यंत धरून ठेवला म्हणूनच.

मंगळवारपर्यंत मला तीन ठरावांचे क्रमांक पाठव, आणि त्यांतले कोणते दोन सोडलेस ते आधी लिही.

तुझी,
मावशी