मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये कॉम्प्युटरचा कॅबिनेट स्वतः बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की लाकडाचा कॅबिनेट घरीच पहिल्यापासून बनवायचा आहे, जागा वन रूम किचनची, हत्यारं म्हणजे एक ड्रिल मशीन आणि स्क्रू ड्रायव्हर, तर हे जमेल का आणि सुरुवात कुठून करायची. जमतं. मी भांडुपला एवढ्याच घरात केलाय, ८ रविवार लागले, आणि हे उत्तर त्याच पेटीतल्या कॉम्प्युटरवर टाइप करतोय.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगतो कारण माझे ३ रविवार त्यातच गेले. पेटी पूर्ण स्वतः करा, पण मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) ज्या पत्र्यावर बसतो तो ट्रे आणि त्याला जोडलेला मागचा पत्रा, म्हणजे जिथून यूएसबी वगैरे बाहेर येतं आणि जिथे ग्राफिक्स कार्ड स्क्रूने अडकतं तो, हे दोन्ही एका जुन्या भंगार कॅबिनेटमधून अख्खे काढून घ्या. स्वतः करायला जाऊ नका.

मी गेलो होतो. २ मिमीचा अॅल्युमिनियमचा पत्रा आणला, बोर्डाची भोकं पट्टीने मोजून मार्क केली, ड्रिल मारलं, बोर्ड छान बसला. पण मागची पट्टी वेगळी केलेली, ती दीडेक मिमी सरकली होती आणि ते डोळ्याला दिसत नव्हतं. कार्डाचा स्क्रू आवळला की कार्ड दुसऱ्या टोकाला स्लॉटमधून किंचित उचललं जायचं, मग कधी डिस्प्ले यायचा कधी नाही. मला वाटलं कार्ड गेलं, उचलून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर मार्केटला, दाखवायला नेलं, तिथे टेबलावर एकदम व्यवस्थित चाललं. घरी येऊन परत लावलं तर परत तेच. शेवटी टॉर्च लावून बाजूने बघितलं तेव्हा स्लॉटमध्ये एका बाजूला सोनेरी पिनांची बारीक रेघ दिसली, कार्ड तिरकं बसलेलं.

या कामात मिलिमीटरला किंमत आहे ती इथेच. बोर्ड ज्या पितळी स्टडवर बसतो त्याची उंची ६.३५ मिमी, दोन कार्डांच्या स्लॉटमधलं अंतर २०.३२ मिमी, मागच्या आयओ प्लेटचं (यूएसबी वगैरे पोर्टांभोवतीच्या पत्र्याचं) भोक १५८.७५ बाय ४४.४५. ही सगळी मुळात इंचातली मापं आहेत, इंटेलने १९९५ साली एटीएक्स (बोर्ड आणि कॅबिनेटच्या मापांचं स्टँडर्ड) आणलं तेव्हापासून बोर्डाची भोकं त्याच जागी आहेत, म्हणून १५-२० वर्षं जुन्या कॅबिनेटचा ट्रे आजच्या बोर्डालाही चालतो. मायक्रो एटीएक्स आणि १७० बाय १७० मिमीचा छोटा मिनी आयटीएक्स बोर्डसुद्धा त्याच भोकांपैकी काही भोकं वापरतो. फक्त जिथे तुमच्या बोर्डाला भोक नाही तिथला स्टड आठवणीने काढा, नाहीतर तो खालून सोल्डरला टेकून शॉर्ट होतो.

भंगार कॅबिनेट लॅमिंग्टन रोडच्या रिपेअरवाल्यांकडे मिळतात, किंवा सरळ तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्याला विचारा, त्याच्याकडे माळ्यावर दोनचार पडलेले असतातच. मला ३५० रुपयांत मिळाला, वर स्विचच्या वायरी आणि पुढचे यूएसबी पोर्ट त्याच्याबरोबरच आले. ट्रे रिव्हेटवर असतो. ४ मिमीचं बिट रिव्हेटच्या डोक्यावर धरा, मशीन हळू चालवा, डोकं चकतीसारखं बिटवर चढून निघून येतं, मग उरलेला दांडा खिळ्याने मागे ठोकून द्यायचा. जिथे पत्रा वळवलेला आहे तिथे हॅक्सॉ ब्लेडने कापावं लागतं आणि त्या कडा ब्लेडसारख्याच धारदार असतात, हातमोजे घाला आणि कापल्या कापल्या कानस मारा, नंतर मारू असं ठेवू नका.

ट्रे हातात आला की प्लाय आणायला पळू नका, आधी पुठ्ठ्याची पेटी करा. फ्रिज किंवा टीव्हीचा खोका घ्या, खऱ्या मापात कापा, चिकटपट्टीने जोडा आणि खरे पार्ट आत ठेवून बघा. कागदावर सगळं बसतं हो, पण वायर कागदावर नसते. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये कार्ड बसत होतं पण त्याची पॉवरची केबल वळायला जागाच नव्हती, तिला ३५-४० मिमी तरी मोकळे लागतात. टॉवर कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा उभा कूलर) असेल तर तो १५५ ते १६५ मिमी उंच असतो, त्यावर पेटीची रुंदी ठरते. साधा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) १५० बाय ८६ मिमी तोंडाचा, लांबी १४० पासून पुढे, आणि त्याच्या मागे केबलचा गुच्छ येतो तो वेगळाच. पुठ्ठ्यावर एक रविवार गेला तरी जाऊ दे, माझी पेटी तिथे दोनदा बदलली आणि प्लाय मात्र एकदाच कापला.

प्लाय १२ मिमीचा, मरीन, ज्याच्यावर आयएस ७१० लिहिलेलं असतं तो. एमडीएफ स्वस्त आहे आणि कापायला लोण्यासारखा, पण आपल्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, पाणी लागायची पण गरज नाही. अख्खी ८ बाय ४ ची शीट घेऊ नका, दुकानदाराकडे कटपीस असतात. आणि कटिंग घरी करायच्या भानगडीत पडू नका, बिल्डिंगमध्ये कुणाचं ना कुणाचं फर्निचरचं काम चालू असतंच, त्या सुताराला मापांची चिठ्ठी द्या, तो त्याच्या टेबल मशीनवर अर्ध्या तासात काटकोनात कापून देतो. तुमचं काम ड्रिल, फेविकॉल आणि स्क्रूचं. प्लायच्या कडेत स्क्रू मारायच्या आधी बारीक बिटने भोक पाडाच, नाहीतर थर फाटतात. आमच्या सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिल बंद असतं, मी तो वेळ पॉलिश पेपर घासायला ठेवायचो.

मागच्या बाजूला प्लाय लावताना पोर्टांच्या आणि कार्डाच्या आजूबाजूचा प्लाय मोकळा कापा, जुना पत्राच बाहेर दिसू दे. १२ मिमी जाड लाकडातून केबलची पिन पोर्टापर्यंत पोचतच नाही.

लाकूड पेट घेईल का ही भीती घरच्यांना असतेच, माझ्या आईलाही होती. लाकूड पेटायला २५० अंशांच्या आसपास तापमान लागतं, प्रोसेसर १०० च्या आसपास स्वतःच स्पीड कमी करतो आणि पेटीतली हवा त्याच्या खूप खाली असते. मला जास्त काळजी अर्थिंगची वाटते. लोखंडी कॅबिनेट एसएमपीएसच्या स्क्रूमधून आपोआप अर्थ होतो, लाकडात ते तुटतं. म्हणून ट्रेपासून एसएमपीएसच्या स्क्रूपर्यंत एक वायर ओढा, दोन्हीकडे रंग खरवडून खालचा पत्रा दिसला पाहिजे. आणि जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकात खरंच अर्थ येतोय का हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. मी पुढे १२० मिमीचे २ आणि मागे १ फॅन लावलाय. फॅनच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, पण फॅनबरोबर येणारे स्क्रू पत्र्यासाठी असतात, १२ मिमी प्लायला ते पुरत नाहीत, तिथे ४५ मिमीचे एम४ नटबोल्ट आरपार घालावे लागतात. फॅनपुढे खिडकीची डासांची जाळी लावा, काढता येईल अशी. आमचं घर एलबीएस रोडपासून जवळ आहे, महिन्यात जाळी काळी होते.

स्विचचं सांगायचं राहिलं, आणि तो मला सगळ्यात आवडतो. कॉम्प्युटरच्या पॉवर बटणाला दोनच वायरी, दाबलं की क्षणभर जोडायच्या आणि सोडलं की तुटायच्या, उलटसुलट लागल्या तरी चालतं (एलईडीला मात्र प्लस मायनस बघावं लागतं). म्हणजे दाराच्या बेलचं बटण तेच काम करतं. आमची लालबागची खोली सोडली तेव्हा आजोबांनी दाराचं काळं गोल बेलबटण काढून ठेवलं होतं, मधला पांढरा ठिपका बोटांनी झिजून पिवळा पडलेला. आतले पितळेचे पत्रे पॉलिश पेपरने घासले, बोर्डाच्या वायरी जोडल्या आणि पेटीच्या वर उजव्या कोपऱ्यात बसवलं. रोज संध्याकाळी तेच दाबतो. फक्त अशा बटणाला घरातल्या लाइटची कुठलीही वायर लागता कामा नये, त्याच्यात फक्त बोर्डाच्या दोन वायरी.

राहिलं पॉलिश. सीलर आतून बाहेरून दोन्हीकडे मारा, एकाच बाजूला मारलं तर प्लाय वाकतो, आणि कडांना दोनदा. मग ३२० नंबरचा पेपर, मग लॅकरचा वरचा हात. हे गच्चीवर करा, खोलीत तो वास दोन दिवस जात नाही. आणि जून ते सप्टेंबर करू नका, दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. पावसाळ्यात सुरू केलंत तर ट्रे आणि पुठ्ठा पावसात होईल, पॉलिश दिवाळीच्या आसपास.

तुमचा बोर्ड कुठल्या साइजचा आहे आणि ग्राफिक्स कार्ड किती लांब आहे ते लिहा, मग पेटीची खोली किती धरायची ते नीट सांगता येईल.