ते पाच मिली कुणाच्या ग्लासातून गेले?

ताई,
मी सव्वीस वर्षांचा, पाचोऱ्याकडचा. जळगावजवळ हायवेवरच्या एका परमिट रूममध्ये चार वर्षं काउंटर सांभाळतो. तीन आठवड्यांनी नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात बारटेंडरच्या जागेसाठी मुलाखत आहे, प्रात्यक्षिकही घेणार आहेत. माझं इंग्रजी कच्चं आहे. बाटल्या फिरवता येत नाहीत, मोबाइलवर बघून सराव चाललाय. आईला हे काम पसंत नाही, आठवडाभर ती धड बोलत नाही. बाकी हाताला सवय चांगली आहे, पेग डोळ्यानेच भरतो. रोजच्या गिऱ्हाइकाला जरा सैल हात ठेवतो म्हणून ते टिकून आहे, आणि तरी रात्रीचा स्टॉक कधी कमी आला नाही. मुलाखतीत काय बोलू?

भाऊ,
इंग्रजी आणि बाटल्या फिरवणं बाजूला ठेव. तुझं शेवटून दुसरं वाक्य परत वाच. रोजच्यांना सैल हात, आणि स्टॉक मात्र कधी कमी नाही. मग कमी कुणाला गेलं?

हिशोब मांडू. खंबा म्हणजे 750 मिलीची बाटली. तीसच्या पेगने त्यातून 25 पेग निघतात. तू पस्तीस ओतलेस तर 21 निघतात आणि तळाशी 15 मिली उरतात. एका खंब्यामागे चार पेग गेले. ते रजिस्टरमध्ये दिसायला हवे होते. दिसले नाहीत, कारण कोपऱ्यातल्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला, तिसऱ्या पेगपर्यंत आलेल्या, गप्पांत रंगलेल्या, तू पंचवीस दिलेस. पैसे त्याने तीसचे मोजले. तू ठरवून केलंस असं मी म्हणत नाही. डोळ्याने ओतणारा हात असाच वागतो: ओळखीचा चेहरा दिसला की मनगट उशिरा वळतं, बाटली तळाला आली की लवकर. पण हे चार वर्षं चाललं आणि तू ते कौतुकाने लिहितोस, याचा मला राग आला आहे.

नाशिकला नेमकं इथेच पकडतील. प्रात्यक्षिकात बऱ्याच ठिकाणी पाणी भरलेली बाटली देतात, तोंडाला पोअरर, म्हणजे एकसारखी धार काढणारी तोटी, लावलेली, आणि सांगतात: तीस ओत, साठ ओत, पंचेचाळीस ओत. मग ग्लासातलं पाणी मापात ओतून बघतात. तिथे 'अंदाजाने बरोबर असतं' म्हणालास की विषय संपला.

तेव्हा एकच काम कर. उद्यापासून काउंटरवर प्रत्येक पेग मापाने भर. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं 30 आणि 60 मिलीचं पेग मेजर घे, सपाट धर, काठोकाठ भर, मग ग्लासात उलटं कर. काठापासून जरासं खाली राहिलं तरी दोन-तीन मिली जातात. रोजचा माणूस विचारेलच, 'काय भाऊ, आज हात आखडला?' त्याला मेजर दाखव आणि पुढच्या टेबलाकडे वळ. दोघं-तिघं तोंड वाकडं करतील, करू देत.

घरी रिकाम्या खंब्यात पाणी भर आणि पोअरर लाव. मान पकडून बाटली एका झटक्यात पूर्ण उलटी कर. तिरकी धरलीस की धार दर वेळी बदलते. मनात एका चालीत मोज. साधारण एका अंकाला 15 मिली धरतात, म्हणजे तीसला दोन, साठला चार. पण तुझी चाल तुझीच, म्हणून प्रत्येक ओतणं सुईशिवायच्या मोठ्या सिरिंजने मोजून बघ. आकडा दुसऱ्या कुणी वाचावा, स्वतःचं स्वतः वाचलं की डोळा सवलत देतो. घरात आई असेल तर तिलाच बसव. ती बोलत नसली तरी आकडा सांगेल. भरलेल्या, अर्ध्या आणि तळाला आलेल्या, तिन्ही बाटल्यांनी कर. धार अचानक बारीक झाली तर पोअररची हवेची नळी बघ. गोड दारू सुकली की ती चिकटते, रात्री कोमट पाण्यात टाकून ठेवली की सुटते.

कॉकटेल एकच पक्कं कर: व्हिस्की सावर. 60 मिली व्हिस्की, 30 मिली ताज्या लिंबाचा रस, 20 मिली साखरेचा पाक. पाक साखर आणि पाणी समान वजनाने, साखर विरघळून थंड झालेला. शेकर बर्फाने भर, बारा सेकंद जोरात हलव, बाहेरून दव धरलं की लगेच गाळ. उगाच रेंगाळलास तर बर्फ वितळून पाणचट होतं. इथे मापाची चूक झाकत नाही, लिंबू पाच मिली जास्त पडलं की पहिल्या घोटाला कळतं. लिंबं सारखी आंबट नसतात म्हणून आधी रस चाखून घे. सोडा असलेलं काही सांगितलं तर सोडा शेकरमध्ये कधीच घालू नकोस, गॅसने झाकण उडतं. आणि बर्फ ग्लासने काढू नकोस. काचेचा टवका उडाला तर बर्फात दिसत नाही, सगळं भांडं रिकामं करावं लागतं. मॅनेजर हे बारीक बघतात.

पैशाचं विचारतील. समज बाटली 1500 रुपयांची, तर पेगची किंमत 60 रुपये. तो 300 ला विकला तर खर्च 20 टक्के. सैल हाताने 21 पेग निघाले की तोच खर्च 24 टक्क्यांच्या जवळ जातो. हे कागदाशिवाय सांगता आलं पाहिजे. वयाचंही विचारतील: बिअर-वाइनला 21, बाकी दारूला 25 पूर्ण, शंका आली तर ओळखपत्र. इंग्रजी एवढंच लागतं की ड्रिंक, ग्लास, अवजारं यांची नावं न अडखळता घेता यावीत. बाकी मराठी-हिंदीत नीट बोल.

मागच्या ठिकाणी कसं ओतायचास असं विचारलं तर खरं सांग: 'आधी डोळ्याने ओतायचो, आता तीन आठवडे प्रत्येक पेग मापाने ओततोय.' मग म्हण, 'बाटली द्या, ओतून दाखवतो.'